मधल्या खोलीतला राउटर

दुसरा राउटर इंटरनेट तयार करत नाही. हे वाक्य मी गेली कित्येक वर्षं पनवेलच्या घराघरांत उभा राहून म्हणत आलोय आणि आजवर एकाही गिऱ्हाइकानं ते मनापासून ऐकलेलं नाही. लोकांना वाटतं, घरात दुसरा डबा आणला की नेट दुप्पट झालं. अरे बाबांनो, दुसरा माठ आणला म्हणून नळाला पाणी जास्त येतं का?

संपादकबाई म्हणाल्या, "म्हात्रे, धंद्यातले अनुभव लिहा. पण जन्मापासून सुरुवात करू नका." बरं झालं सांगितलं. मी गव्हाणचा. आधी गच्च्यांवर छत्र्या बसवून केबल टीव्ही दाखवायचो. मग सिरियली फोनवर आल्या, तेव्हा त्याच शिडीनं त्याच खांबांवरून इंटरनेटच्या वायरी टाकायला लागलो. आता गुडघे कुरकुरतात म्हणून काम कमी केलंय. झाली माझी कारकीर्द सांगून.

धंदा मात्र समजावून सांगायला हवा, कारण तो सगळ्यांना कळतो असं सगळ्यांना वाटतं. नेट एका बारीक वायरीतून खिडकीतून हॉलमध्ये येतं आणि राउटर ते हवेत सोडतो. हवेतून ते सगळीकडे जातं, असं तुम्हाला वाटतं. भिंत आडवी आली की ते अर्धं होतं. बाथरूमच्या टाइल्स, फ्रीज, माशांची टाकी, यातून जाताना त्याचा जीव मेटाकुटीला येतो. आणि सगळ्यात वाईट म्हणजे आरशाचं कपाट. बेडरूमला भिंतभर आरसा लावायचा आणि पलीकडे नेट येत नाही म्हणून मला शिव्या घालायच्या, हा नवीन पनवेलमधला आवडता खेळ आहे.

बरं, राउटर ठेवायचा कुठं? तो दिसायला काळा, शिंगं असलेला, म्हणून बायकांना हॉलमध्ये नको असतो. मी तो चपलांच्या कपाटात पाहिलाय, टीव्हीच्या मागे पाहिलाय, शोकेसमध्ये चांदीच्या गणपतीमागे पाहिलाय. एका घरी त्याच्यावर क्रोशाचा रुमाल होता आणि रुमालाला मोत्यांची झालर. आमच्या गव्हाणला माझ्या चुलतीनं तर दुसरा राउटर लोखंडी कपाटात ठेवून कुलूप लावलं. म्हणे, चोरीला जाईल. वर मलाच विचारते, "डबा हाय ना घरात? मग नेट का नाय?" मी म्हटलं, "काकू, तुझ्या कपाटात मस्त रेंज असेल. आत जाऊन बस."

तर दुसरा राउटर म्हणजे निरोप्या. हॉलमधल्या पहिल्यानं बोललेलं ऐकायचं आणि पुढं ओरडून सांगायचं, एवढंच त्याचं काम. आता निरोप्या उभा कुठं करायचा? जिथं त्याला स्वतःला नीट ऐकू येतं तिथं. म्हणजे मध्ये. पण गिऱ्हाईक काय म्हणतं? जिथं रेंज नाही तिथं ठेवा! तिथं त्या बिचाऱ्यालाच काही ऐकू येत नाही, मग तो काय सांगणार, कपाळ?

आणि घराचा मध्य ही मोठी नाजूक जागा असते. मध्य नेमका अशा माणसाच्या खोलीत निघतो, ज्याला नेटची काही गरज नसते. तिथं म्हातारी जप करत असते, नाहीतर सासरेबुवा पेपर वाचत असतात. ज्याला नेट हवं तो घराच्या टोकाला, आणि ज्याची परवानगी हवी तो मध्ये पलंग टाकून बसलेला. माझं निम्मं आयुष्य त्या पलंगाशी बोलण्यात गेलं.

म्हणून मी धंद्याचा एक नियम केला होता. घरात शिरल्या शिरल्या कर्ता माणूस ओळखायचा आणि जे विचारायचं ते त्यालाच विचारायचं. "काका, कुठं लावू?" एवढं म्हटलं की काका खूश, आणि काका खूश तर पुढचं वर्षभर कटकट नाही. या नियमाचा मला भारी अभिमान होता. नव्या मुलांना मी तो शिकवायचो.

एकदाच तो नियम मोडला होता. जुन्या पनवेलात शबनमभाभींच्या घरी. नवरा दोह्याला, घरात सासू आणि दोन मुली. मी सवयीनं विचारलं, "घरात मोठं कोणी आहे का? विचारून घेतो." त्या म्हणाल्या, "भाई, मर्द घरात कोणी नाही. मीच सांगते. बीचच्या खोलीत लावा, अम्मींच्या. अम्मींना मी समजावीन, तुम्ही फिक्र करू नका." तासाभरात काम झालं. आजतागायत त्या घरातून तक्रारीचा एक फोन नाही. यातून एखादा शहाणा काहीतरी शिकला असता. मी चहा पिऊन निघालो.

आणि मग कर्णिकांचा फोन आला.

कर्णिक काका म्हणजे मुंबईत मोठ्या कचेरीत मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेला माणूस. नवीन पनवेलला शेजारशेजारचे दोन फ्लॅट घेऊन मधली भिंत फोडलेली. त्यामुळे खोल्या आगगाडीच्या डब्यांसारख्या एकामागे एक. पुढं हॉल, मध्ये काकांची खोली, मागे एक छोटी खोली. तिथं त्यांची सून घरून काम करायची. मुलगा निखिल न्हावा शेव्याला बंदरावर, शिफ्टची नोकरी. तो मला कधी दिसलाच नाही, फक्त त्याचं हेल्मेट दिसायचं.

"म्हात्रे, बसा," काका म्हणाले. "आधी मला संकल्पना समजावून सांगा."

मी संकल्पना समजावायला तोंड उघडलं, तेवढ्यात सूनबाई मागून आल्या. हातात कागद, त्यावर घराचा नकाशा पेन्सिलीनं काढलेला. म्हणाल्या, "पहिला हॉलमध्ये आहे. दुसरा बाबांच्या खोलीत, दाराच्या वर लावा. आणि हॉलपासून तिथपर्यंत वायर टाका. हवेतून जोडू नका, मध्ये आरशाचं कपाट आहे."

शब्दन् शब्द बरोबर! मी असतो तर अगदी हेच सांगितलं असतं.

पण काकांच्या कपाळावर आठी आली. "माझ्या खोलीत? मला तर ते नेट लागत नाही. वायर नको, खिळे नकोत. आणि त्या लहरी डोक्याशी घेऊन मी झोपू? ज्याला तहान त्याच्यासमोर तांब्या ठेवावा. मागच्या खोलीत लावा."

"वा काका," मी म्हणालो, "लाखातलं बोललात."

हे लिहितानाही लाज वाटते, पण बोललो खरा. सूनबाई म्हणाल्या, "पण तिथं त्यालाच रेंज मिळणार नाही." मी हसलो. ते आमचं धंद्यातलं हसू असतं, डॉक्टर हसतात तसं. म्हटलं, "सूनबाई, रोज हेच करतो आम्ही. तुम्ही चहाचं बघा." त्यांनी माझ्याकडे बघितलं, नकाशा घडी घालून ठेवला आणि खरंच चहा आणून दिला. मला वाटलं, पटलं यांना.

मागच्या खोलीत डबा लावला. लॅपटॉपवर रेंजच्या सगळ्या काड्या भरल्या. काकांना बोलावून दाखवल्या. काकांनी मान डोलावली. आता यातली मेख सांगतो. त्या काड्या लॅपटॉप आणि जवळचा डबा यांच्यातल्या असतात. डब्याला पुढून काही ऐकू येतंय का, ते काड्या सांगत नाहीत. म्हणजे निरोप्या कानाशी उभा राहून खणखणीत आवाजात ओरडतोय, "काय म्हणाले ते मला कळलं नाही!" आमच्या धंद्यातले निम्मे लोक या काड्यांवर जगतात.

पंधरा दिवसांत दोनदा फोन आला. रोज सकाळच्या मीटिंगमध्ये चित्र थिजतं, आवाज तुटतो. मी जाऊन गंभीर चेहऱ्यानं डब्याची शिंगं फिरवली. एकदा कारण सांगितलं, शेजाऱ्यांच्या वायफायची गर्दी. दुसऱ्यांदा सांगितलं, विमानतळ झाल्यापासून हवेत लहरी फार वाढल्यात. हे दुसरं कारण मला त्या दिवशी स्कूटरवर सुचलं होतं आणि इतकं आवडलं की आठवडाभर मी ते सगळ्या पनवेलला सांगितलं. काकांना ते फार पटलं. त्यांनी डायरीत लिहून घेतलं. 

तिसऱ्या खेपेला मात्र सूनबाईंनी मला लिफ्टपाशी गाठलं. दार ओढून घेतलं आणि हळू आवाजात म्हणाल्या, "म्हात्रेकाका, पाच मिनिटं ऐकून घ्या. मुलगी झाल्यावर मी सहा वर्षं घरी होते. मग चार ठिकाणी अर्ज केले, चौघांनीही विचारलं, सहा वर्षं काय केलंत. या कंपनीनं कंत्राटावर घेतलं. आता त्यांच्याकडे कायमची जागा निघालीय, घरून काम करायची. पुढच्या महिन्यात मुलाखत आहे, व्हिडिओवर. नेट नीट ठेवणं ही माझी जबाबदारी, असं त्यांनी लेखी कळवलंय. यात निवड नाही झाली तर कंत्राटही संपतंय. निखिलच्या शिफ्ट, मुलगी दुसरीत, मी दुसऱ्या गावी जाऊन नोकरी करू शकत नाही. मला ही एकच संधी आहे. मधल्या खोलीत लावा."

मला गलबलून आलं, खोटं कशाला बोलू. मी म्हटलं, "लावतो. आजच लावतो." आणि सरळ आत जाऊन काय केलं? तर काकांशी बोलायला बसलो.

काका म्हणाले, लहरींनी डोकं दुखतं. त्यांच्या सकाळी फिरायला जाणाऱ्या गटात कोणीतरी मेसेज पाठवला होता. मेसेज ज्या मोबाइलवर आला तो रात्री त्यांच्याच उशीखाली असतो, हे मी बोललो नाही. गिऱ्हाईक म्हणजे देव, आणि देवाला प्रश्न विचारत नाहीत. त्याऐवजी माझ्या सुपीक डोक्यात एक कल्पना आली.

राउटरला पुढं हिरवे दिवे असतात. काही राउटरना मागे एक बटण असतं, ते दाबलं की दिवे विझतात. नुसते दिवे. झोपताना डोळ्यांवर येऊ नयेत म्हणून ती सोय. आत काम चालूच. सूनबाईंनी आणलेला राउटर असाच होता. तो मागच्या खोलीतून काढून मी काकांच्या दारावर लावला, हॉलपासून वायर टाकली आणि खुर्चीवर उभा राहून मंत्र म्हटल्यासारखं म्हणालो, "काका, आता बघा. हे बटण दाबलं. दिवे गेले. दिवे गेले की लहरी पलंगाकडे येत नाहीत. सरळ मागच्या खोलीत जातात. कधी दिवे दिसले तर परत हे बटण दाबायचं."

"असं होय!" काका म्हणाले. "मग हे आधी का नाही सांगितलंत?"

सूनबाई दारात उभ्या होत्या. मी त्यांना डोळ्यानं खूण केली, की बघा कसं जमवलं. त्या आत निघून गेल्या.

चमत्कार झाला! मागच्या खोलीत नेट पळायला लागलं, कारण राउटर जिथं हवा तिथं होता. आणि काकांचं डोकं दुखायचं थांबलं. थांबलं म्हणजे काय, त्यांना इतकी गाढ झोप लागायला लागली की फिरायच्या गटात त्यांनी त्यावर भाषण दिलं. आठवड्यात त्यांच्या सोसायटीतल्या सात घरांनी मला बोलावलं. "म्हात्रे, आमच्याही लहरी वळवून द्या." मी दिल्या! सात घरांतल्या लहरी वळवल्या. एका आजोबांनी तर उजवीकडे वळवायला सांगितल्या, कारण डावीकडे त्यांची बायको झोपते.

घरी येऊन बायकोला मोठ्या फुशारकीनं सांगितलं. ती मासळी साफ करत होती. मान वर न करता म्हणाली, "आन ती पोर काय बोल्ली?"

"कोण पोर?"

"जिच्या नोकरीचा हाय, ती."

"तिला काय विचारायचं त्यात?" मी म्हटलं.

"नाय, तुमी आमालाबी कंदी इचारत नाय, म्हणून म्हनलं."

मुलाखतीचा दिवस मला माहीत होता. सकाळी अकराला होती. साडेदहाच्या सुमारास वीज गेली आणि दोन मिनिटांत आली. आमच्याकडे हे कोणी लक्षातही ठेवत नाही. पण वीज येऊन राउटर नव्यानं चालू होतो, तेव्हा त्याचे दिवे परत लागतात. ही गोष्ट मी काकांना सांगितली नव्हती. फक्त "दिवे दिसले तर बटण दाबा" एवढं सांगितलं होतं.

साडेअकराला मला सूनबाईंचा फोन आला. आवाज शांत होता. "लगेच या," एवढंच.

मी पोचलो तेव्हा त्या हॉलमध्ये लॅपटॉप मांडीवर घेऊन बसलेल्या. अंगावर इस्त्रीची चांगली साडी. मधल्या राउटरची वायर त्यांनी आधीच ओढून काढलेली होती आणि हॉलमधला नीट चालू होता. म्हणजे मी येण्याआधीच रोग त्यांनी शोधला होता. मी दारावरचा राउटर बघितला, तर तो कोरा. दुकानातून आणताना असतो तसा. शिकवलेलं सगळं विसरलेला.

"याला कोणी हात लावला?" मी विचारलं.

"मी," काका आतून अभिमानानं म्हणाले. "दिवे लागले होते. आंघोळ करून आलो तर सगळे हिरवेगार! त्यात हिची मुलाखत चालू. म्हटलं, या लहरी आत्ता इकडं वाया जातायत, तिला कमी पडतील. म्हणून बटण दाबलं. दिवे जाईनात. मग दाबून धरलं, दहा अंक मोजले. तेव्हा कुठं गेले."

बटणं दोन असतात, शेजारीशेजारी. एक दिव्यांचं. दुसरं दाबून धरलं की राउटर सगळं विसरतो. काकांनी चष्मा न लावता दुसरं दाबलं होतं. आणि विसरलेला राउटर नुसता गप्प बसत नाही. निरोप्या होता तो स्वतःला मालक समजायला लागतो आणि घरातल्या सगळ्या यंत्रांना हुकूम सोडायला लागतो. एका घरात दोन मालक झाले की काय होतं ते सांगायला नको. दोघंही ओरडतात आणि काम कोणाचंच होत नाही. तिसऱ्या प्रश्नाच्या मध्यात सूनबाईंचं चित्र थिजलं. त्या हॉलमध्ये धावल्या, तिथंही बंद. मोबाइलवरून जोडायचा प्रयत्न केला, तर त्या इमारतीत मोबाइलवर फोन कसाबसा लागतो, नेट चालत नाही. वायर काढून, पहिला बंद-चालू करून त्या परत आल्या, तोवर समोरचे लोक निघून गेले होते.

वाईट कशाचं वाटलं सांगू? म्हाताऱ्यानं ते तिच्या मदतीसाठी केलं होतं. माझ्या शब्दावर विश्वास ठेवून.

"तुम्हीच सांगितलं होतंत ना, म्हात्रे?" काका म्हणाले. त्यांचा चेहरा आता उतरायला लागला होता. "दिवे बंद म्हणजे लहरी तिकडं जातात?"

मी खाली बघितलं. व्होल्टेजचं कारण तयार होतं जिभेवर. विमानतळाचंही होतं. पण सूनबाई माझ्याकडे बघत होत्या.

"काका, ते खोटं होतं," मी म्हटलं. "दिव्यांचा आणि लहरींचा काही संबंध नाही. लहरी पहिल्या दिवसापासून सगळीकडे होत्या."

"पलंगाकडेसुद्धा?"

"पलंगाकडेसुद्धा."

"रात्री?"

"रात्रीसुद्धा."

काका खुर्चीत बसले. कपाळाला हात लावला. म्हणाले, "तरीच. आत्ता दुखायला लागलंय."

एरवी मी पोट धरून हसलो असतो. पण सूनबाई लॅपटॉप बाजूला ठेवून उठल्या. "मला माहीत होतं ते खोटं आहे," त्या म्हणाल्या. "त्याच दिवशी. म्हात्रेकाका, मी काय काम करते ते तुम्हाला माहीत आहे का?"

"कंप्युटरचं," मी म्हटलं.

"नेटवर्कचं. मी नेटवर्क इंजिनिअर आहे. तीन शहरांतल्या ऑफिसांचे राउटर मी इथं बसून चालवते. तुम्ही मला चहाचं बघायला सांगितलंत."

मी खाली पडलेली वायर गुंडाळायला लागलो.

"माझी नोकरी, माझं काम, राउटर मी आणलेला," त्या म्हणाल्या. आवाज चढला नव्हता, त्यामुळे जास्त लागत होतं. "पण तो कुठं लावायचा ते तुम्ही दोघांनी ठरवलंत. खोटं काय बोलायचं तेही तुम्ही ठरवलंत, आणि वर मला डोळा मारलात. मीही गप्प बसले. म्हटलं, चालतंय ना, चालू दे, घरात वाद नको. माझंही चुकलंच."

काका कपाळावरचा हात न काढता ऐकत होते.

कंपनीचा मेल आला होता. त्यात लिहिलं होतं, की बिघाड उमेदवाराच्या हलगर्जीमुळे झाला नसल्याचं इंटरनेटवाल्याचं सहीशिक्क्याचं पत्र संध्याकाळपर्यंत आलं, तर मुलाखत उद्या परत घेऊ. नाहीतर जागा दुसऱ्याला जाईल. इथं आधीच सांगून टाकतो, की मुलाखत झाली आणि जागा त्यांना मिळाली. त्या अजून त्याच मागच्या खोलीत बसतात. पण त्यात माझी करामत काही नाही, आणि मला सांगायचंय ते त्या पत्राचं.

लेटरहेड आणि शिक्का माझ्या स्कूटरच्या डिकीत असतो. आणला. जेवणाच्या टेबलावर बसलो. सूनबाई म्हणाल्या, "मराठीत लिहा. भाषांतर मी जोडते. पण तुमच्या हातचं पाहिजे." मी लिहायला लागलो. "आज सकाळी आपल्या मुलाखतीच्या वेळी इंटरनेट बंद पडले, त्यास मी जबाबदार आहे. राउटरची योग्य जागा ग्राहकाने मला पहिल्याच दिवशी सांगितली होती. मी ऐकले नाही. नंतर मी घरात चुकीची माहिती दिली, त्यामुळे हा बिघाड झाला."

काका उठून माझ्या मागं येऊन उभे राहिले होते. जन्मभर कचेरीत पत्रं तपासलेला माणूस, त्याला राहवेना. म्हणाले, "म्हात्रे, ‘मी ऐकले नाही’ असं लिहू नये. ‘अनवधानाने राहून गेले’ लिहा. अंगाशी येत नाही."

"नको बाबा," सूनबाई म्हणाल्या. "अनवधानानं नाही राहिलं."

मी पुढं बटणाचं लिहायला घेतलं, की घरातल्या व्यक्तीने दुसरे बटण दाबले. सूनबाईंनी कागदावर बोट ठेवलं. "बाबांचं लिहू नका. ते घरातलं आहे. तुमचं तेवढं लिहा." काकांनी त्यांच्याकडे बघितलं.

शेवटची ओळ राहिली. "सदर ग्राहक श्रीमती" इथवर आलो आणि माझं पेन अडलं. दोन महिने मी त्या घरात येत होतो. त्यांच्या हातचा चहा निदान चार वेळा प्यायलो होतो. माझ्या फोनमध्ये त्यांचा नंबर ‘कर्णिक सून’ म्हणून होता. मी मान वर केली आणि काय करावं? काकांना विचारलं.

"काका, सूनबाईंचं नाव काय?"

"शर्वरी," काका लगेच म्हणाले. "शर्वरी निखिल कर्णिक."

मी लिहिलं. सुवाच्य लिहिलं.

"ते लग्नात ताटातल्या तांदळावर लिहिलेलं नाव आहे," त्या म्हणाल्या. "बाबांनी ठेवलेलं. पदवीवर ते नाही, कंपनीत ते कोणाला माहीत नाही. त्या नावानं पत्र गेलं तर त्यांना कळणारच नाही कोणाबद्दल आहे."

टेबलाशी आम्ही दोघं बाप्ये, एक बसलेला, एक उभा. मग मी त्यांच्याकडे वळलो आणि दोन महिन्यांत पहिल्यांदा त्यांना काहीतरी विचारलं.

"तुमचं नाव काय?"

"अश्विनी देवरुखकर."

मी आधीचं नाव खोडून वर लिहायला लागलो, तसा काकांनी माझा हात धरला. कागद माझ्यापुढून ओढून घेतला आणि चुरगळला.

"खाडाखोड चालायची नाही," ते म्हणाले. "दुसरा कागद घ्या. आणि नाव शेवटी नको, पहिल्या ओळीत लिहा."